अनुशेषाच्या आतला अनुशेष : गोविंदभाई श्रॉफ यांचा वारसा आणि जालना जिल्हा

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनातील गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) यांचे स्थान ठरवताना बहुधा दोनच वाटांनी जाण्याचा प्रघात पडला आहे. एका वाटेने जाणारे त्यांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे त्यागी सेनानी, स्वामी रामानंद तीर्थ यांचे निकटचे सहकारी आणि सत्तेपासून आयुष्यभर दूर राहिलेले ऋषितुल्य नेते म्हणून वंदन करतात. दुसऱ्या वाटेने जाणारे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला त्यांनी केलेल्या विरोधावर बोट ठेवून त्यांचे प्रकरण तेथेच मिटवतात. या दोन्ही मांडण्यांत सत्याचा अंश आहे, परंतु दोहोंतही एक गोष्ट निसटते. गोविंदभाईंनी या प्रदेशाला अन्यायाची तक्रार मांडण्याची एक पद्धत दिली. मागासलेपणाचे गाऱ्हाणे सरकारच्या दयेवर न सोडता ते आकड्यांत मोजायचे, घटनेच्या कलमाशी जोडायचे आणि जनआंदोलनाच्या बळावर राज्यकर्त्यांसमोर हक्क म्हणून ठेवायचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. मराठवाड्याच्या पदरात स्वातंत्र्यानंतर जे काही पडले त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे, आणि जे पडले नाही त्याचे एक कारण ही पद्धत प्रदेशाच्या सीमेपाशी येऊन थांबली हे आहे. जालना जिल्हा या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो. मुक्तिसंग्रामाचा एक आरंभ येथे झाला, जायकवाडी धरणाचे पाणी येथील निम्म्या भागात आले आणि निम्म्या भागात आले नाही, आणि मागासलेपणाविषयीचा महाराष्ट्रातील आजचा सर्वांत तीव्र वाद याच जिल्ह्यातील एका गावातून उभा राहिला.

निजामाच्या हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषा बोलणारी प्रजा होती, आणि राज्यकारभाराची तसेच १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या अध्यापनाची भाषा उर्दू होती. आजच्या मराठवाड्यातील तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे या राज्याचा मराठी भाग होते, आणि जालना हे त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. राज्यातील सुमारे ६० टक्के जमीनच दिवाणी म्हणजे सरकारी महसुली व्यवस्थेखाली होती. उरलेली निजामाच्या खासगी मालकीची, म्हणजे सर्फेखास, किंवा जहागीरदार आणि पायगा सरदार यांच्या ताब्यातील होती, आणि तेथील कुळाला दाद मागण्यासाठी जागा जवळजवळ नव्हती. सार्वजनिक सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकानुसार आधी परवानगी घ्यावी लागे. गश्ती म्हणजे खात्यांना आणि अधिकाऱ्यांना फिरवलेला सरकारी हुकूम. पण प्रत्यक्षात या एका हुकमाने वाचनालयाच्या वार्षिक समारंभापासून साहित्यसंमेलनापर्यंत सारे सार्वजनिक जीवन पोलिसांच्या मर्जीवर टांगलेले राहिले. अशा काळात महाराष्ट्र परिषद या संघटनेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेलुगू भागातील आंध्र महासभा आणि कन्नड भागातील कर्नाटक परिषद यांची ही मराठी भावंड संस्था होती, आणि तिन्हींच्या कार्यकर्त्यांमधूनच पुढे १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली, जिच्यावर सरकारने जन्मतःच बंदी घातली. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, आणि मराठवाड्याच्या राजकीय जागृतीच्या इतिहासात या तालुक्याच्या गावाचे नाव जितके ठळकपणे घेतले जायला हवे तितके ते घेतले जात नाही.

विजापूरला जन्मलेले आणि औरंगाबादेत वाढलेले गोविंदभाई कलकत्त्याहून गणिताचे उच्च शिक्षण घेऊन परतले आणि औरंगाबादच्या सरकारी शाळेत शिक्षक झाले. १९३८ मध्ये वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यास झालेल्या बंदीविरुद्ध औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी जो संप केला, त्यामागे या तरुण शिक्षकाची प्रेरणा होती. गोविंदभाईंनी लवकरच नोकरी सोडली आणि ते पूर्ण वेळ चळवळीचे झाले. स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते आणि गोविंदभाई मार्क्सवादी अभ्यासातून घडलेले होते, तरी या दोघांचे जमले याचे कारण दोघांनाही हैदराबादचा प्रश्न हिंदू प्रजा विरुद्ध मुस्लिम राजा असा दिसत नव्हता. सरंजामशाहीविरुद्ध प्रजेचा लढा ही त्यांची भूमिका होती. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठल्यानंतर संघटनेत मवाळ आणि जहाल असे जे दोन तट पडले त्यांत स्वामीजींच्या मागे जहाल तट उभा करण्याचे काम प्रामुख्याने गोविंदभाईंच्या गटाने केले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळून सत्याग्रह सुरू झाला, हजारोंना तुरुंगवास घडला, आणि सरहद्दीवरील शिबिरांतून सशस्त्र प्रतिकाराची आघाडीही उघडली गेली. जालना परिसराने या लढ्यात हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर दिले आणि धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी शस्त्र हाती घेणारी ग्रामीण स्त्रीही दिली. औरंगाबादहून पुढे सरकलेले भारतीय सैन्य १५ सप्टेंबर १९४८ रोजी जालन्यात आले, आणि दोन दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली.

मुक्तीनंतर गोविंदभाईंनी घेतलेला निर्णय त्यांच्या सबंध उत्तरायुष्याला वळण देणारा ठरला. नव्या राज्यात जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, जो त्या काळातील देशातील अधिक पुरोगामी कायद्यांपैकी एक मानला जातो. परंतु कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती गेली त्यांत जुन्या देशमुख-पाटील घराण्यांचे वजन कायम राहिले, आणि काँग्रेसच्या सत्तेशी जुळवून घेणे डाव्या गटाला अशक्य झाले. गोविंदभाई आणि त्यांचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. सत्तेच्या राजकारणात ज्यांना मंत्रिपद सहज मिळाले असते त्यांनी ते नाकारल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी आहेत, आणि त्या नकाराचे कौतुक होते तेव्हा त्यातील नैतिक उंचीवरच भर दिला जातो. वस्तुतः त्याचा व्यावहारिक परिणाम अधिक महत्त्वाचा होता. सत्तेबाहेर राहिल्यामुळे गोविंदभाईंना कोणत्याही सरकारचा हिशेब तपासता आला, आणि ते काम त्यांनी पुढील चार दशके केले.

हा हिशेब कोणत्या कराराच्या आधारे मागायचा होता, हे पाहिले पाहिजे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाडा यांना निधी, शिक्षण आणि नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३७१ (२) या कलमाची तरतूद झाली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करण्याची आणि विकासखर्चाचे समन्यायी, म्हणजे गरजेच्या प्रमाणात न्याय्य, वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल, असे हे कलम सांगते. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला असे अभिमानाने म्हटले जाते. ते भावनेच्या अंगाने खरे असले तरी कायद्याच्या अंगाने या सामिलीकरणामागे घटनेची एक हमी उभी होती, आणि ती हमी जवळजवळ चार दशके कागदावरच राहिली. गोविंदभाईंनी तिला राजकारणाच्या मध्यभागी आणले, यात त्यांचे वेगळेपण आहे.

१९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले. नोकऱ्या, रुंदमापी रेल्वे, उद्योग आणि सिंचन या त्याच्या मागण्या होत्या, वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे बळी गेले, आणि या असंतोषाला मार्गदर्शन करण्याची जबाबदारी गोविंदभाईंकडे आली. आंदोलनाच्या दुसऱ्याच वर्षी शंकरराव चव्हाण यांच्या रूपाने मराठवाड्याला पहिला मुख्यमंत्री मिळाला, आणि पुष्कळांना तेवढ्याने समाधान वाटले. गोविंदभाईंना ते वाटले नाही, कारण मुख्यमंत्री कोणत्या प्रदेशाचा यापेक्षा अर्थसंकल्पातील पैसा कोणत्या निकषावर वाटला जातो हा प्रश्न त्यांना अधिक मूलगामी वाटत होता. आपण बांधलेल्या मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून त्यांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. १९८३ मध्ये सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, आणि १९८४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने ‘अनुशेष’ ही संकल्पना महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत कायमची रुजवली. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण, वीज अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, एखादा जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते पाहायचे, आणि ती तूट भरून काढण्यासाठी लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष, अशी ही रीत होती. समितीने काढलेला एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता, आणि त्यातील सुमारे ७५० कोटी, म्हणजे साधारण २३.५ टक्के, मराठवाड्याचा होता. सर्वांत मोठा हिस्सा सिंचनाचा निघाला. एक गोष्ट येथे लक्षात घ्यायला हवी, जी मराठवाड्यातील पुढाऱ्यांनी सहसा उच्चारली नाही : ज्याला सर्व काही मिळाले असे मानले जात होते त्या उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष ३७ टक्क्यांहून अधिक निघाला होता, कारण त्यात कोकणही होते आणि अवर्षणग्रस्त जिल्हेही होते. जिल्हा हे मोजमापाचे एकक धरताच प्रदेशांच्या एकसंध प्रतिमा विरघळू लागतात, हे दांडेकरांच्या कोष्टकांनीच दाखवून दिले होते.

या काळात मराठवाड्याच्या पदरात जे पडले त्याची यादी लहान नाही. औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये आले, मनमाडहून येणारी मीटरमापी रेल्वे नव्वदच्या दशकात रुंद झाली, आणि १९९४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने वैधानिक विकास मंडळे अखेर अस्तित्वात आली. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून आणि परभणीतील परतूरचा भाग घेऊन स्वतंत्र जालना जिल्हा झाला, हीदेखील विकेंद्रीकरणाच्या त्याच प्रवाहातील घटना मानता येईल. १९९२ मध्ये गोविंदभाईंना पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्याच यादीत तेलंगणाचे कवी काळोजी नारायणराव आणि कम्युनिस्ट नेते रावी नारायण रेड्डी यांचीही नावे होती. निजामाविरुद्ध लढलेल्या पिढीचा तो एकत्रित गौरव होता, आणि त्या पिढीचा लढा एका भाषेचा नव्हता हे त्या यादीतूनही दिसते.

आता जालना जिल्ह्याकडे वळणे अपरिहार्य आहे, कारण अनुशेषाच्या राजकारणाचे सर्वांत मोठे फळ, म्हणजे जायकवाडी प्रकल्प, या जिल्ह्याला अर्धेच लागले. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, म्हणजे ७६ अब्ज घनफूट, आहे. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या दक्षिण भागातून परभणीकडे जातो. कालवा आला त्या पट्ट्यात ऊस आला, उसाबरोबर अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आणि तीर्थपुरीचे त्याचे दुसरे युनिट आले, त्यांच्याबरोबर शिक्षणसंस्था आणि बाजारपेठा आल्या, आणि अंकुशराव टोपे यांच्यासारख्यांचे नेतृत्वही याच पाण्यावर पोसले गेले. हे सारे भलेच झाले, आणि शंकरराव चव्हाणांच्या चिकाटीशिवाय ते झाले नसते. पण जिल्ह्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला भोकरदन, जाफराबाद, जालना, बदनापूर आणि मंठा या तालुक्यांतून पूर्णा, गिरजा, खेळणा, दुधना, कुंडलिका अशा नद्या वाहतात, ज्यांच्या खोऱ्यांत गोदावरीचा कालवा उंचीमुळे पोहोचू शकत नाही. तेथील शेती विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्यावर चालते. परतूरकडे दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प झाला तेव्हा धरणाची भिंत परभणी जिल्ह्यात राहिली, लाभक्षेत्राचा मोठा भागही तिकडेच गेला, आणि बुडिताचा भार परतूर तालुक्यातील गावांनी उचलला. प्रदेशाच्या हिशेबात हे सर्व पाणी मराठवाड्याचेच आहे. मात्र ज्या शेतकऱ्याचे शेत बुडाले त्याच्या हिशेबात ते नाही.

गोविंदभाईंच्या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा येथे एकाच वेळी दिसतात. जायकवाडीच्या वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे वाढत गेली, गोदावरीचा येवा घटला, आणि धरण अनेक वर्षे भरेनासे झाले, तेव्हा मराठवाड्याची बाजू मांडण्यासाठी उपयोगी पडली ती हीच हिशेबी रीत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील सर्व धरणांत तुटीचे समान वाटप व्हावे असे तत्त्व घालून दिले; गोविंदभाईंच्या पश्चात मराठवाडा जनता विकास परिषदेने या तत्त्वासाठी उच्च न्यायालयात लढा दिला; मेंढेगिरी समितीने वाटपाचे कोष्टक आखले; आणि जायकवाडीतील साठा ठरावीक पातळीच्या खाली असेल तर वरून पाणी सोडणे बंधनकारक झाले. दुष्काळात वरच्या धरणांतून पाणी खाली येताना पाहिले की न्यायाची मागणी नेमक्या आकड्यांत मांडल्याचे मोल समजते. पण हेच समन्यायाचे तत्त्व जायकवाडीच्या खाली, मराठवाड्याच्या आत, कधी लागू झाले नाही. कालव्याच्या मुखाकडील शेताला बारमाही ऊस घेता यावा आणि शेपटाकडील शेताला पाण्याची एक पाळीही मिळू नये, हा अन्याय नाशिक-पैठण वादाइतकाच खरा आहे, परंतु त्याच्यासाठी कोणतीही परिषद भरली नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला, मोसंबीच्या बागा वाळल्या, शहराच्या नळांना अनेक दिवसांनी पाणी येऊ लागले. त्या वर्षी निजामकाळात शहरासाठी बांधलेल्या घाणेवाडी तलावातील गाळ उपसण्यासाठी नागरिकांना स्वतः पुढे यावे लागले. जिल्ह्याच्या सरासरीत ऊसही होता आणि टँकरही होते.

सरासरी हे अनुशेषाच्या संकल्पनेचे हत्यार आहे आणि तिचा आडोसाही. मोठ्या एककाची सरासरी लहान एककातील दारिद्र्य झाकते, ही गोष्ट गणिताच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक असते आणि गोविंदभाई तर गणिताचेच होते. राज्याची सरासरी मराठवाड्याला झाकत होती म्हणून त्यांनी प्रदेशाचा आकडा वेगळा काढायला लावला. हाच तर्क पुढे नेला असता तर प्रदेशाचा आकडा जिल्ह्याला, जिल्ह्याचा तालुक्याला आणि तालुक्याचा भूमिहीनाला झाकतो, हे सांगणे क्रमप्राप्त होते. जालना जिल्ह्यातच याचे एक विधायक उत्तर उभे राहिले, आणि ते प्रदेशाच्या राजकारणाबाहेर उभे राहिले हे विचार करायला लावणारे आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावात १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती आणि नालाबांध यांची कामे केली. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस एकाच ओघळीतून वाहून जातो ते क्षेत्र; त्याची सीमा ना प्रदेशाची असते ना तालुक्याची, ती उताराची असते. कालव्याविना कडवंचीत द्राक्षबागा आणि शेततळी आली, आणि २०१२ च्या दुष्काळातही गावाने तग धरला. एका गावाच्या यशावरून सर्व कोरडवाहू तालुक्यांचा प्रश्न सुटतो असे कोणी मानू नये, कारण शेततळी भरण्यासाठी भूजल उपसण्याचा नवा प्रश्न तशा गावांत निर्माण होतो; तरीही मोजणीचे एकक लहान केले की उपायही वेगळे सुचतात, एवढे कडवंचीने सिद्ध केले आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि त्यातून शहराला बियाण्यांची राजधानी अशी जी ओळख मिळाली तीही सरकारी अनुशेषाची वाट पाहत बसल्याने मिळालेली नाही. तथापि खासगी उद्यमाचा हा दाखला देऊन सरकारची जबाबदारी कमी लेखणारा युक्तिवाद मान्य करता येत नाही, कारण बियाणे कंपनी सिंचनाचा, शाळेचा आणि दवाखान्याचा पर्याय होऊ शकत नाही.

भूगोलाच्या बाबतीत जी मर्यादा होती तीच समाजाच्या बाबतीत अधिक गंभीर रूपाने प्रकट झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि लगेचच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. गोविंदभाई हिंसेच्या बाजूचे कधीच नव्हते, पण ते नामांतराच्या विरोधात उभे राहिले, आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील त्यांचे सहकारीही त्याच बाजूला होते. १९५८ मध्ये मिळालेले विद्यापीठ हे प्रदेशाच्या लढ्याचे फळ आहे, त्याच्या नावात प्रदेशाची ओळख आहे, आणि ती ओळख मुंबईतील ठरावाने पुसली जाऊ नये, असा तो युक्तिवाद होता. त्याची बाजू समजून घेता येते. ती योग्य मात्र ठरत नाही. औरंगाबादेत उच्च शिक्षणाची वाट गरिबांसाठी ज्या संस्थेने सर्वांत आधी रुंद केली, ते मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केले होते. हैदराबादचा प्रश्न पेटला असताना १९४७ मध्ये बाबासाहेबांनी अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे जाहीर आवाहन केले होते. गायरान, म्हणजे गावाची सामायिक चराऊ जमीन, कसण्याचा हक्क मागण्यासाठी मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी १९५० च्या दशकापासून सत्याग्रह केले होते. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास या माणसांचाही होता. ज्या नेत्याने मराठवाडा म्हणजे मुंबई-पुण्याच्या सरासरीत हरवलेला समूह असे राज्याला शिकवले, त्याला मराठवाड्याच्या ओळखीत हरवलेला समूह दिसू नये, हा त्यांच्या स्वतःच्याच तर्काचा पराभव होता. सरंजामशाहीविरुद्ध लढलेल्या डाव्या विचाराच्या नेतृत्वाने प्रदेशाची अस्मिता आणि गावातील जातीची उतरंड यांपैकी पहिलीला प्राधान्य दिले, आणि त्यामुळे अनुशेषाच्या चळवळीपासून दलित समाज जो दुरावला तो पुढे कधी पूर्णपणे जवळ आला नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला, म्हणजे दोन्ही नावे एकत्र नांदू शकतात हे सोळा वर्षांनी मान्य झाले. त्याच वर्षी विकास मंडळेही आली, आणि ती आली तेव्हा त्यांच्या पाठीशी एकजूट समाज उरलेला नव्हता.

या दुराव्याचे परिणाम आज जालना जिल्ह्यात प्रत्यक्ष दिसतात. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणस्थळी पोलिसांचा लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यातील वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके यांनी इतर मागासवर्गीयांच्या बाजूने उपोषण केले. दोन्ही गावे गोदाकाठच्या पट्ट्यातील आहेत, म्हणजे जायकवाडीच्या कालव्याने ज्या भागाचा कायापालट होईल असे अपेक्षित होते त्या भागातील. कालव्याने शेती बदलली खरी, पण वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले, उसाचा आणि कापसाचा पैसा शिक्षणाच्या वाढत्या खर्चाला पुरेनासा झाला, आणि शेतकरी कुटुंबातील तरुणाला सरकारी नोकरीखेरीज दुसरे स्थैर्य दिसेनासे झाले. एके काळी हाच तरुण १९७४ च्या मोर्चात मराठवाड्याला नोकऱ्या द्या असे म्हणत होता. आज तो आपल्या जातीला नोकऱ्यांत वाटा द्या असे म्हणतो, आणि समोरच्या उपोषणातील तरुण आपला वाटा घेऊ नका असे म्हणतो. दोघांचे दारिद्र्य खरे आहे. प्रदेशाच्या नावाने मागणी करण्याची भाषा थकली, कारण त्या भाषेने घराघरापर्यंत काय पोहोचले याचा हिशेब कधी दिला नाही, आणि तिची जागा जातीच्या भाषेने घेतली. योगायोग असा की मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा मुख्य आधारही हैदराबाद संस्थानाचाच दस्तऐवज आहे : निजामकालीन गॅझेटमधील कुणबी नोंदींच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला. ज्या राजवटीखाली राजकीय जागृतीसाठी परतूरची परिषद भरली, त्याच राजवटीच्या दप्तरात आजच्या पिढीला आपल्या हक्काचा पुरावा शोधावा लागतो आहे, आणि स्वतंत्र महाराष्ट्राने कुटुंबवार, जमीनवार, पाण्याच्या पाळीवार असा स्वतःचा विश्वसनीय हिशेब ठेवला असता तर तो कदाचित शोधावा लागला नसता.

अशा वेळी गोविंदभाईंच्या पद्धतीचा वापर वाढायला हवा होता, झाले उलटे. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यानंतर ती कार्यरत राहिली नाहीत. या मंडळांवर अनेक आक्षेप घेता येतील : त्यांना स्वतःचा निधी खर्चण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या शिफारशी राज्यपालांच्या निर्देशांपर्यंत पोहोचून पुढे मंत्रालयात अडत, आणि त्यांवरील नेमणुका पक्षीय सोयीने होत. परंतु त्यांचा एक वार्षिक अहवाल विधानसभेसमोर ठेवण्याचे घटनात्मक बंधन होते, आणि मंडळे थांबताच ते बंधनही निष्प्रभ झाले. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात काही क्षेत्रांसाठी जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरण्याचा विचार मांडला होता, म्हणजे दांडेकरांची रीत आतल्या दिशेने नेण्याचे पहिले अधिकृत पाऊल त्यात होते. तो अहवाल विधिमंडळापुढे आला आणि त्यावर गंभीर चर्चा न होता बाजूला पडला. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनीही त्यासाठी आग्रह धरला नाही, आणि याचे कारण उघड आहे. तालुका हे एकक धरले तर अंबडचा आकडा भोकरदनपेक्षा वेगळा निघतो, परतूरचा मंठ्यापेक्षा वेगळा निघतो, आणि मग प्रदेशाच्या नावाने आणलेला पैसा प्रदेशाच्या आत कोणाच्या दारात गेला हे विचारण्याची वेळ येते.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आहे आणि आठ तालुक्यांत ती विखुरलेली आहे. या जिल्ह्यासाठी गेल्या दशकात मोठ्या घोषणा झाल्या : समृद्धी महामार्ग आला, दरेगावला ड्रायपोर्टची पायाभरणी झाली, रसायन तंत्रज्ञान संस्थेचे उपकेंद्र सुरू झाले, आणि जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. यांतील प्रत्येक काम आवश्यक आहे, आणि यांतील एकही काम मंठ्याच्या तांड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाची शाळा टिकते की नाही, डाव्या कालव्याच्या शेपटाला उन्हाळी पाळी मिळते की नाही, किंवा गायरानावर तीन पिढ्या कसणाऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव चढते की नाही, या प्रश्नांना आपोआप उत्तर देत नाही. हे प्रश्न मोजता येण्यासारखे आहेत. पाण्याच्या पाळीची नोंद पाटबंधारे शाखेत असते, स्थलांतरित मुलांची नोंद शाळेच्या हजेरीत असते, गायरानाची नोंद तहसिलीत असते, आणि जिल्हा नियोजन समितीसमोर त्या दरवर्षी एकत्र ठेवल्या जाव्यात असा आग्रह धरण्यासाठी नव्या कायद्याचीही आवश्यकता नाही. सरकारकडून प्रदेशाचा हिशेब मागण्यासाठी गोविंदभाईंनी जी परिषद बांधली, तिच्या कार्यकर्त्यांनी आता अंबडच्या कालव्यावर आणि मंठ्याच्या तांड्यावर जाऊन मराठवाड्याकडूनच हिशेब मागायला हवा, आणि त्या कामात ज्यांना १९७८ मध्ये बाहेर ठेवले गेले त्यांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यायला हवे.